सोनकीचं मूळ गाव

दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही वाईहून पसरणी घाट चढत होतो. मागच्या सीटवर बाजारातून घेतलेल्या झेंडूची पिशवी होती आणि खिडकीबाहेर उतारावर सोनकी फुललेली. भाचीनं एकदा आत बघितलं, एकदा बाहेर, आणि विचारलं, "मामा, ही दोन्ही फुलं आपल्या इथलीच ना?" मी सहज "हो" म्हणून गेलो. घाट संपेपर्यंत ते "हो" मला टोचत राहिलं, कारण ते अर्धंच खरं होतं.

तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. देवघरातली शेवंती चीनकडची आणि शेतातलं सूर्यफूल उत्तर अमेरिकेतलं. हे सगळं ज्या कुळात मोडतं त्याच कुळातली सोनकी मात्र खरोखर सह्याद्रीची लेक. कोणी बी आणून पेरलं नाही, कोणी खत घातलं नाही. आपण गुच्छात धरत नाही, हारात ओवत नाही, पण या डोंगरावर तिचा हक्क झेंडूपेक्षा कितीतरी जुना आहे.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. वनस्पतीच्या बाबतीत मात्र दोन्ही शोधावं लागतं, आणि तेही ठरलेल्या क्रमानं: कूळ आधी, मूळ नंतर. समोरचं झाड नेमकं कोण हे पक्कं झाल्याशिवाय ते कुठलं हे सांगता येत नाही. भाचीला त्या रात्री जे समजावलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात फुलापासूनच करू, कारण आपण ज्याला सोनकीचं फूल म्हणतो ते एक फूल नाही. ते फुलांचं गाव आहे. कडेला पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या ज्या पिवळ्या पट्ट्या असतात, त्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे एक अख्खं फूल. मधली पिवळी गादी म्हणजे चिमुकल्या नळीसारख्या फुलांची दाटी. नखानं हळूच गादी मोकळी केली आणि साधं भिंग धरलं, तर प्रत्येक नळीच्या तोंडाशी पाच बारीक दाते दिसतात. कीटकांना लांबून एक मोठं फूल दिसावं म्हणून ही सगळी एकत्र नांदतात. वनस्पतिशास्त्रात या गावाला स्तबक म्हणतात. सूर्यफुलात हेच गाव शहराएवढं वाढलेलं असतं, म्हणून एका सूर्यफुलातून शेकडो बिया निघतात. एका फुलाची एक बी, हिशोब सरळ आहे.

ही स्तबकाची रचना म्हणजे सूर्यफूल कुळाची खूण. शास्त्रीय भाषेत या कुळाला अ‍ॅस्टेरेसी म्हणतात, जुनं नाव कंपोझिटी. दोन्ही नावं नियमानं चालतात, आणि कंपोझिटी म्हणजे 'अनेकांचं मिळून झालेलं' हे मला जास्त बोलकं वाटतं. जगात फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या साधारण दहा जातींमागे एक या कुळातली आहे. ढोबळ आकडा 30 हजारांच्या आसपास. करडई, कारळे, माका, गाजर गवत, अ‍ॅस्टर, डेलिया, सॅलडमधला लेट्यूस हे सगळे एकाच कुळातले.

इतकं मोठं खटलं असल्यावर पोटशाखा आल्याच. कुळाखाली गट, गटाखाली प्रजाती, प्रजातीखाली जाती. शब्दांबाबत एक गोष्ट आधीच सांगतो. मराठीत बोलताना आपण प्रजाती आणि जाती एकाच अर्थानं वापरतो, पण वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत प्रजाती ही वरची पायरी आहे आणि जाती ही तिच्या आतली. प्रजाती म्हणजे आडनावासारखी, जाती म्हणजे पाळण्यातल्या नावासारखी. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं, इतकाच फरक.

सोनकीचं आडनाव सेनेसिओ. झेंडू, सूर्यफूल आणि शेवंती या तिघांचे गट वेगवेगळे, आणि सेनेसिओचा गट त्या तिघांपासूनही वेगळा. म्हणजे सोनकी आणि झेंडू चुलत-मावस नात्यातलेसुद्धा नाहीत. एका मोठ्या कुळातले लांबचे भाऊबंद म्हणावेत एवढंच.

सेनेसिओ ओळखायचं तर फुलाकडे वरून बघून भागत नाही. फूल उलटं करायला हवं. बहुतेकांनी सोनकीचे शेकडो फोटो काढलेले असतात आणि सगळे वरून. स्तबकाच्या खाली हिरव्या छदांचा, म्हणजे बारीक पानांसारख्या भागांचा, एक पेला असतो. सूर्यफुलात ही छदं दोन-तीन थरांत एकावर एक असतात. सेनेसिओत ती एकाच रांगेत, सारख्या उंचीची, कुंपणाच्या फळ्यांसारखी शेजारी शेजारी उभी असतात. तळाशी मात्र एखाद-दुसरं बारीक छद असतं. ही एकच रांग दिसली की आपण बरोबर दारात उभे आहोत असं समजावं.

सेनेसिओ या नावाची गोष्ट तर मराठी माणसाला फारच जवळची आहे. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा माणूस. प्राचीन रोमन लोकांनी हे नाव दिलं ते बियांवरच्या पांढऱ्या केसांमुळे. फुलं सुकली की स्तबक उघडतं आणि रेशमासारख्या पांढऱ्या केसांचा झुबका बाहेर येतो. प्रत्येक बीला स्वतःचा झुबका असतो आणि त्यावर बसून ती वाऱ्यावर निघते. आपल्याकडे मुलं अशा उडत्या बीला काय म्हणतात? म्हातारी. रुईची म्हातारी आपण सगळ्यांनीच पकडलेली असते. रोममध्ये आजोबा आणि महाराष्ट्रात आजी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली, याचा मला दर वेळी नव्यानं आनंद होतो.

सेनेसिओ ही प्रजाती स्वतःच अवाढव्य आहे. हजाराहून जास्त जाती, जवळजवळ सगळ्या जगभर. इतकी मोठी होण्याचं एक कारण असं की पूर्वी 'एका रांगेतली छदं आणि पांढरे केस' दिसले की झाड सेनेसिओत टाकलं जाई. जणू ज्यांचं घर सापडत नाही त्यांना राहायला दिलेली धर्मशाळाच. गेल्या काही दशकांत डीएनएची तुलना शक्य झाली आणि खरी नाती उघडी पडू लागली. आफ्रिकेत किलिमांजारो आणि केनिया पर्वतावर माणसापेक्षा उंच, जाड बुंध्याची जी झाडं आहेत ती एकेकाळी सेनेसिओ होती. आता त्यांची वेगळी प्रजाती आहे, डेंड्रोसेनेसिओ. कुंडीतून मण्यांच्या माळेसारखी खाली लोंबणारी, 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' नावानं नर्सरीत मिळणारी वेल सेनेसिओतून निघून क्युरिओत गेली. युरोपातल्या कुरणांत घोड्यांना विषबाधा करणारं रॅगवर्ट जॅकोबिया झालं. नावं बदलली की लोक वैतागतात, ते मी समजू शकतो. पण वंशावळीत चुकून चिकटलेलं नाव काढून योग्य जागी लावलं, तर तक्रार कशाला करायची?

आता सोनकीच्या स्वतःच्या नावाकडे येऊ.

जुन्या पुस्तकांत सोनकीचं नाव सेनेसिओ ग्राहमी असं सापडतं. हे नाव जोसेफ हूकर यांनी ब्रिटिश भारतातल्या वनस्पतींवरच्या सात खंडांच्या ग्रंथात दिलं. हा ग्रंथ 1872 ते 1897 या काळात निघाला आणि आजही त्याच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या इतिहासात ग्राहम म्हटलं की जॉन ग्राहम आठवतात. ते पोस्ट खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि मुंबई व आसपासच्या झाडांची यादी करत होते. 1839 मध्ये खंडाळ्याला त्यांचं निधन झालं तेव्हा पुस्तक छापून पुरं व्हायचं होतं. उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. टपाल सांभाळता सांभाळता एका माणसानं घाटातली झुडपं मोजली, आणि आपण आजही ती यादी उघडतो.

पण सेनेसिओ ग्राहमी या नावात एक अडचण निघाली. हेच नाव जॉर्ज बेंथम यांनी आधीच मेक्सिकोतल्या एका वेगळ्याच वनस्पतीला दिलं होतं. वनस्पतींच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम इथं कडक आहे. एक नाव एकदा एका झाडाला दिलं की ते दुसऱ्याला देता येत नाही, पहिलं झाड पुढे दुसऱ्या प्रजातीत गेलं तरीही. शाळेच्या एकाच वर्गात दोन रमेश पाटील असले तर गुरुजी चालवून घेतात, पण सातबाऱ्यावर तसं चालत नाही. नाव एकच राहिलं तर कुणाची नोंद कुणाच्या खात्यावर चढेल सांगता येत नाही. म्हणून भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ एन. पी. बालकृष्णन यांनी आपल्या सोनकीला नवं नाव दिलं: सेनेसिओ बॉम्बेएन्सिस.

'एन्सिस' हा शेपटीचा शब्द स्थानदर्शक आहे, 'तिथला' अशा अर्थाचा. इथलं बॉम्बे म्हणजे मुंबई शहर असं समजून कुणी गिरगावात सोनकी शोधू नये. जुन्या वनस्पतिशास्त्रात बॉम्बे म्हणजे मुंबई इलाखा, ज्यात सगळा घाटमाथा येई. 1995 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, तरी झाडाचं नाव तेच राहिलं आणि तेच राहणार. शास्त्रीय नाव ही नोंद आहे, पत्ता नव्हे. नावावर विसंबून मूळ गाव ठरवलं तर फसगत होते. सिला पेरुवियाना नावाचं एक निळं फूल आहे. नावात पेरू देश आहे, पण फूल भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडचं, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचं. झेंडूला इंग्रजांनी आफ्रिकन मेरीगोल्ड म्हटलं आणि तो निघाला मेक्सिकोचा.

सोनकीच्या सख्ख्या बहिणीही सह्याद्रीत आहेत, आणि सामान्य बोलण्यात आपण सगळ्यांनाच सोनकी म्हणतो. सेनेसिओ डालझेली हे नाव निकोलस डालझेल यांच्यावरून, सेनेसिओ गिबसोनी हे अलेक्झांडर गिबसन यांच्यावरून. या दोघांनी मिळून 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. गिबसन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. सेनेसिओ ह्यूरेन्सिस हे जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्यावरून, कारण तिथंही अशीच बाग होती. हिवऱ्याचं नाव लॅटिन होऊन जगभरच्या वनस्पतींच्या याद्यांत बसलं आहे. तिकडच्या शाळेतल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. सेनेसिओ एजवर्थाई आणि सेनेसिओ बेलगामेन्सिस अशा आणखीही आहेत. या सगळ्या वेगळ्या ओळखण्यासाठी पानांचा आकार, कडा, लव, बियांवरची लव हे सगळं पाहावं लागतं. रस्त्यावर गाडी थांबवून ते ठरवणं कठीण, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शेजारच्या पिवळ्यांशीही गल्लत होते. कास पठारावर सप्टेंबरात पिवळं दिसलं की लोक सोनकी म्हणतात, पण त्यातला बराचसा कवला असतो. कवला ही शेंगावर्गीय वनस्पती आहे, तूर-हरभऱ्याच्या नात्यातली. तिचं फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचं. त्यात स्तबक नाही, म्हणजे ती कुळापासूनच वेगळी. कारळ्याचं शेत लांबून सोनकीसारखंच दिसतं आणि कूळही तेच, पण गट वेगळा आणि मूळ गाव इथिओपिया. कारळे आपल्याकडे इतक्या जुन्या काळापासून पिकतात की त्यांची चटणी आपली नाही असं कुणाला वाटणारच नाही. शेतात मुरलेलं पीक आणि रानातलं मूळचं झाड यांत हाच फरक.

कूळ झालं. आता मूळ.

मराठी माणूस भेटला की दुसरा प्रश्न असतो, "मूळ गाव कुठलं?" तीन पिढ्या डोंबिवलीत राहिलेला माणूसही "मूळचे आम्ही गुहागरचे" म्हणतो. झाडांचंही असंच आहे. आज कुठं वाढतंय आणि मूळ कुठलं, हे दोन वेगळे प्रश्न. एखादी जाती माणसाच्या मदतीशिवाय ज्या भागात घडली किंवा स्वतःच्या पायांनी, म्हणजे वाऱ्यानं, पाण्यानं, पाखरांनी पसरली, तो तिचा मूळ प्रदेश. माणसानं बोटीतून, गोणीतून, कुंडीतून नेली, तर तिथं ती पाहुणी. पाहुणी शंभर वर्षं राहिली, रानभर पसरली, तरी मूळ प्रदेशाच्या नकाशात ती जागा धरत नाहीत.

हे ठरवतात कसं? साक्षीदार अनेक असतात, आणि एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही. पहिली साक्ष वाळवलेल्या नमुन्यांची. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात जाड कागदावर शिवलेली-चिकटवलेली झाडं आहेत. कुणी, कुठं, कधी गोळा केली हे प्रत्येकावर लिहिलेलं. दुसरी साक्ष जागेची. झाड माणसाच्या वाटेपासून लांब, कातळावर, गडाच्या माथ्यावर, घाटाच्या अवघड कड्यावर सापडतं का? पाहुणी झाडं बहुधा रस्ता, रेल्वे, बाजार, शेताचा बांध यांच्या आसऱ्यानं येतात. तिसरी साक्ष नात्याची. एका भागात एकमेकींच्या जवळच्या बऱ्याच जाती असतील, तर त्या तिथंच घडल्या असण्याची शक्यता मोठी. सह्याद्रीत सोनकीच्या बहिणी आहेतच. चौथी साक्ष डीएनएची. मूळ जागी एकाच जातीत वैविध्य जास्त असतं. मूठभर बियांपासून पसरलेल्या पाहुण्यांत ते सहसा कमी.

सोनकीच्या बाजूनं निकाल सरळ लागतो. तिचं घर सह्याद्री. बेसाल्टचा कातळ किंवा जांभ्याचं पठार, वर वीतभर माती, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने रखरखाट. या वेळापत्रकाला ती घट्ट बांधलेली आहे. पावसात उगवायचं, ऊन-पावसाच्या भाद्रपदात फुलायला लागायचं, आश्विन गाजवायचा आणि थंडी-वाऱ्यात म्हाताऱ्या उडवून वाळून जायचं. हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड, महाबळेश्वर, कास, सगळीकडे हेच. भारताबाहेर कुठल्याही रानात ती मूळची नाही.

अशा जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं प्रदेशनिष्ठ म्हणजे दुर्मीळ. सोनकी ही त्याचं जिवंत उत्तर आहे. जगाच्या नकाशावर तिचा तुकडा लहान, पण त्या तुकड्यात ती डोंगर पिवळे करण्याइतकी मुबलक. रस्ता रुंदीकरणात उघड्या पडलेल्या मातीवरही ती पटकन येते. घर लहान असणं आणि घरात माणसं कमी असणं या निराळ्या गोष्टी. काळजी करायची ती घराची. हे पठार, ही पातळ माती, हे ओले उतार गेले तर राहायला जाण्यासाठी तिला दुसरा देश नाही. झेंडूला आहेत.

'मूळ' शब्द किती अवघड आहे याचं सर्वात सुंदर उदाहरण सेनेसिओच्याच घराण्यात, दूर ब्रिटनमध्ये घडलं. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर सेनेसिओच्या दोन जाती आणि त्यांची संकरित संतती वाढते. तिथली काही झाडं 18व्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. त्यांच्यापासून सेनेसिओ स्क्वॅलिडस ही जाती उभी राहिली, बागेच्या भिंती ओलांडून शहराच्या दगडी भिंतींवर आली आणि बराच काळ तिथंच राहिली. 1844 मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखाली टाकलेली खडी आणि जळक्या कोळशाचा चुरा तिला एटनाच्या राखेसारखाच मानवला. धावत्या गाडीच्या वाऱ्यावर बिया पुढं गेल्या आणि लोहमार्ग धरून ती देशभर पसरली. पुढं तिचा संकर इंग्लंडातल्या साध्या सेनेसिओशी, सेनेसिओ व्हल्गॅरिसशी झाला. त्या संकरातल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि 20व्या शतकात वेल्समध्ये एक नवीच जाती सापडली, सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस. आई-बापांपैकी एक परका, पण बाळ वेल्समध्येच जन्मलेलं. मग तिचं मूळ गाव कुठलं म्हणायचं? वेल्स. ती घडली तिथं, आणि जाती जिथं घडते तेच तिचं मूळ.

कुळाच्या पायरीवर तर उत्तर आणखी लांब जातं. सूर्यफूल कुळाची सर्वात जुनी शाखा आजही फक्त दक्षिण अमेरिकेत आढळते. पॅटागोनियात सापडलेला जीवाश्म जवळपास 5 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणून या कुळाचा उगम तिकडचा मानतात. कूळ दक्षिण अमेरिकेचं, प्रजाती जगभर फिरलेली, जाती सह्याद्रीची. तीन पायऱ्या, तीन उत्तरं, तिन्ही खरी. कुणी "सोनकी मूळची कुठली" विचारलं तर आधी कुठल्या पायरीबद्दल विचारतोय ते ठरवावं. रोजच्या बोलण्यात आपण जातीबद्दल बोलत असतो, म्हणून सह्याद्री.

हा प्रश्न मला इतका महत्त्वाचा का वाटतो ते सांगतो. पायवाटेच्या कडेची एकदांडी, जखमेवर जिचा पाला चोळतात ती, मूळची मध्य अमेरिकेकडची. गाजर गवतही अमेरिकेचंच. 1950च्या दशकाच्या मध्याला पुण्यात ते नजरेस आलं आणि पुढं देशभर काय झालं ते शेतकऱ्यांना आणि त्वचारोगाच्या रुग्णांना विचारावं. आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर, घाटरस्त्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस दिसतो. तोही मेक्सिकोकडचा. दिसायला छान, फोटोत सोनकीपेक्षा भडक, आणि काही उत्साही मंडळी पावसाळी सहलीला जाताना त्याच्या बिया खिशात घेऊन जातात. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण कळकळीनं सांगतो, डोंगरावर बी टाकू नका. तिथली जागा रिकामी नसते. मातीत सोनकीचं बी पुढच्या पावसाची वाट बघत पडलेलं असतं.

आणखी एक, भाजीच्या हौशी लोकांसाठी. सेनेसिओच्या अनेक जातींत यकृताला घातक अशी अल्कलॉइडं नावाची रसायनं असतात. रानभाजी म्हणून सोनकी खाऊन बघू नये.

या आश्विनात घाटात गेलात तर वरून फोटो काढून झाल्यावर एक स्तबक हलकेच बोटानं वळवून खालून बघा. एका रांगेतली छदं मोजा. बाजूच्या पानाची कडा दिसेल असा एक फोटो, देठ-खोड दिसेल असा एक, आणि जागा-तारीख लिहून ठेवा. कोणत्याही जाणकाराला तेवढ्यावरून बरंच सांगता येतं. भाचीनं परतीच्या वाटेवर हे केलं. तिनं छदं मोजून वहीत आकडा लिहिला, खाली 'पसरणी घाट' लिहिलं, आणि पिशवीतल्या झेंडूचंही एक फूल उलटं करून बघितलं. त्याची छदं एकमेकांना चिकटून अखंड पेला झालेला होता. "हा वेगळ्या गटातला," ती म्हणाली.